पातेल्याची बाजू

(शिंदखेड्याजवळच्या एका गावात शेतमजुरांचा संप चालू. जमीनदार जीवराम आबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये संस्थेचं पोरांसाठीचं खिचडी केंद्र. चुलीवर संध्याकाळची खिचडी. संस्थेचा कार्यकर्ता देवचंद आणि खिचडी रांधणारी शेतमजूर द्रौपदाबाई.)

देवचंद : अक्का, खरं सांगा. सकाळी भिकाच्या पोरीला तुम्ही रांगेतून उठवलं की नाही?

द्रौपदाबाई : उठाडं. मंग?

देवचंद : मंग काय मंग? परवा याच दारात जीवराम आबा म्हणाले, संप मिटेपर्यंत केंद्र बंद ठेवा, तुमच्या खिचडीवरच मजूर तग धरून आहेत. मी काय सांगितलं त्यांना, दहा माणसांसमोर?

द्रौपदाबाई : संस्था कोन्ही बाजूनी नही. माले पाठ शे आते.

देवचंद : आणि त्यांनी काय सांगितलं? बाजू नाही ना, मग कामावर येणाऱ्याचं एक जरी पोर उपाशी परत गेलं, तर शेडची किल्ली परत करायची. मुकादमाने दुपारीच त्यांच्या कानावर घातलंय. आता येतील ते विचारायला.

द्रौपदाबाई : भिका मना सख्खा दीर शे, भाऊ. संपनी शपथ बठ्ठास्नी लिन्ही, त्यानी बी लिन्ही. चौथे दिन आबाना वावरमा जाईसन उभा. मना घरमा चूल पेटनी नही, आन त्यानी पोरले मी वाढू?

देवचंद : संप पोरीने मोडला का? सहा वर्षांची आहे ती. आई धुळ्याला दवाखान्यात, घरात रांधायला कोणी नाही.

द्रौपदाबाई : तेच. दवाखानाना पैसासाठी कामवर गया तो, माले समजस नही का? मंग माले येईसन सांगता ऊनं नही? मी काय त्याले नही म्हनती? चोरना मायक लपतछपत गया.

देवचंद : ते तुम्ही आणि भिका बघा. पातेल्यात नका आणू.

द्रौपदाबाई : तुमनं बरं शे. शेड आबानी, किल्ली आबानी. दारमा मुकादम बसस, कोना पोरे येतस ते लिखस. आन बाजू नको घेवो, ते आमलेच सांगतस.

देवचंद : दुसरं छप्पर दाखवा, उद्याच पातेलं उचलतो. धुळ्याचं ऑफिस म्हणतं, वाद असेल तिथे जाऊ नका. आबा म्हणतात, तू मजुरांचा. तुमची माणसं म्हणतात, मी आबांचा. वैताग आलाय मला.

द्रौपदाबाई : मंग तुम्ही कोना?

देवचंद : या पातेल्याचा.

द्रौपदाबाई : सोपं शे. शनवारे तुम्ही एस्टीमा बसीसन चालना जातस. आमले अठेच ऱ्हावनं शे.

देवचंद : जातो, खरंय. म्हणून तर पळी तुमच्या हातात दिली, मी नसताना कुणी उपाशी राहू नये म्हणून. आज केंद्र बंद पडलं तर चाळीस पोरं घरी जातील. त्यातली पस्तीस तुमच्या संपवाल्यांची आहेत.

द्रौपदाबाई : कोठे शे ती?

देवचंद : मागच्या दारी. तुम्हाला घाबरून आत येत नाही. सकाळपासून ताट धरून बसलीय.

द्रौपदाबाई : पुढला दारथीन बलावा. मुकादमले बी लिखू द्या. पन भिकासंगे मी बोलनार नही. ते तुमना संस्थाना कायदामा शे का?

देवचंद : नाही. तेवढं नाही.

द्रौपदाबाई : मंग बलावा.

देवचंद : ये गं, आत ये. बस इथे, काकूजवळ. ताट पुढे कर... अक्का, सगळ्यांना एकेक पळी ठरलीय. हिला दोन कशा?

द्रौपदाबाई : सकायनी बाकी व्हती.