नकाशाचा कोपरा

...आणि त्या एका नकाशापायी मोहिनीच्या लग्नाच्या निमंत्रकांतून माझं नाव उडवलं. का? तर म्हणे, मी दगा केला. अहो, तुम्हीच सांगा, ज्या माणसानं पिंप्राळ्यात घरी बसून, कुणी न शिकवता, व्हिडिओ बघून बघून नकाशात रंग भरायला शिकून घेतलं, एकेका गावाची शीव हातानं आखली, तो दगा करील? आणि करायचाच असता तर कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे खाली कशाला दिलं असतं? स्वच्छ दिलं होतं. कोपऱ्यात लिहिलं होतं हो.

थांबा, नीट सांगतो. रुपचंद माझे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे, ज्योतीचे यजमान. मोहिनी त्यांची मुलगी, पण कॉलेजला होती तेव्हा आमच्याच घरी राहिलेली. तिच्या पत्रिकेत माझं नाव वर राहणार, हे तेव्हापासून ठरलेलं. तर हे साडू, रावेरकडे केळीचे मळे, यंदा जिल्हा परिषदेला उभे राहिले. मला म्हणाले, "साडूभाऊ, गेल्या वेळी आपल्या पॅनलला कोणत्या गावात किती मतं पडली, ते एका नजरेत दिसेल असं काही करून द्या." एका नजरेत... तिथंच मी ओळखायला हवं होतं, की हा माणूस दुसरी नजर टाकणार नाही.

मी आकडे जमवले, गटातलं गावन्‌गाव रंगवलं. आपली मतं पक्की ते गाव पिवळं, डळमळीत ते हिरवं. आता यात चूक काय? आमचं घर धुळ्याकडचं, कापूसवालं. केळी आम्हाला माहीत ती हातगाडीवरची. पिवळी म्हणजे पिकलेली, सोला आणि खा. हिरवी म्हणजे कच्ची, थांबा. पण केळीवाल्याचा हिशेब उलटा असतो, हे मला कोण सांगणार? त्याचा माल ट्रकमध्ये चढतो तो हिरवाच. झाडावर घड पिवळा पडला की व्यापारी तोंड फिरवतो, गेला तो घड. तर ह्यांनी नकाशा बघितला आणि ठरवून टाकलं, हिरवी गावं आपली, पिवळी हातची गेली. पण कोपऱ्यात लिहिलं होतं ना...

फोन आला. "साडूभाऊ, नकाशा एकच नंबर. आता पिवळ्या गावांचं बघू राह्यलो."

मी म्हटलं, "बघा, बघा. पिवळं हातातून जाऊ देऊ नका."

"त्याची काळजीच नका करू."

आणि माणूस रोज पिवळ्या गावात. जे आधीच ह्यांचे, त्यांच्याच पाया पडतोय. तिथले म्हातारे शेवटी वैतागले, "भाऊ, आम्ही तुम्हालाच देणार होतो, पण तुम्हालाच आमचा भरवसा नाही म्हटल्यावर..." आणि हिरव्या गावांत हा पाहुणा फिरकलाच नाही. निकाल काय लागणार? पडले.

मी सांत्वनाला गेलो. प्रचार कार्यालयाच्या भिंतीवर माझाच नकाशा, हा एवढा फ्लेक्स. आणि कोपऱ्यात, जिथं रंगांचा अर्थ दिला होता, बरोब्बर तिथं... साडूंचा हात जोडलेला फोटो. फ्लेक्सवाल्याला म्हणाले होते, "ती बारीक अक्षरं कोण वाचतं, तिथं मला टाक." मी त्यांच्या फोटोवर बोट ठेवलं, म्हटलं, इथं, तुमच्या पोटाखाली, लिहिलं होतं. तर चारचौघांत म्हणतात, "आता वकिली नका करू. आमची चांगली गावं तुम्ही पिवळी पाडली."

बरं, ते हरलेले, त्यांचं सोडा. माझी बायको? "ज्योतीच्या घरच्या कामात हे रंगांचे खेळ कशाला केले तुम्ही?" अगं, रंग निवडताना शेजारी बसून 'हा पिवळा छान दिसतो' कोण म्हणालं होतं? तर म्हणते, "मी मोबाईलवर साडी बघत होते." म्हणजे घरातलंही मत फुटलं.

शेवटी मोहिनीचा फोन. "मावसा, रागावू नका ना. पप्पांना मी सांगितलं, मंगल कार्यालयाचा रस्ता पत्रिकेवर मावसाच काढून देतील. ते हो म्हणाले. फक्त म्हणाले... रंग नका भरू."

काढला. पोरीसाठी काढला, काळ्यापांढऱ्यात.

काल पत्रिका आली. आईनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, चुलत, मामे, आते, सगळे वाचले आणि म्हणाली, "नाव बठ्ठासनं शे, तुनंच नही शे."

मी म्हटलं, माझंही नाव आहे गं. ते नकाशाच्या खाली बघ, मुंगीएवढं, 'नकाशा : चुडामण मावसा', पोरीनं टाकलंय.

"कोठे?"

कोपऱ्यात लिहिलंय.