कुंचल्याचं टोक

मंडळी, एक विचारू? प्रेमानं वाढलेल्या ताटात विष निघालं, तर दोष कुणाचा? — थांबा, लगेच सुनेकडे बघू नका! आधी ऐका.

गणपतीच्या कारखान्यात द्वारकाबाई मूर्तींचे डोळे आखायच्या. तीस वर्षं! कुंचला जिभेवर फिरवायचा, टोक काढायचं, आणि एका श्वासात रेघ! सासूनं शिकवलेलं — "पाण्यानं कुंचला फुगतो गं. जिभेनं ओढ."

बाईंचे दोन गर्भ पोटातच गेले. दोष कुणाला दिला? नशिबाला! उपास वाढवले. त्या गरीब कुंचल्याकडे कोण बघतंय?

आता सून चैताली पाचव्या महिन्यात. हात सुरेख. बाईंनी कौतुकानं तिलाही शेजारी बसवलं.

बाई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. रंगाचं काम करते म्हणून तिचं रक्त तपासलं — रक्तात शिसं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही रंगांत असतं. आईच्या रक्तातून बाळाला पोचतं, मेंदूला इजा करतं. गर्भ पडूही शकतो. पण पोटात जातंय कसं?"

"आम्ही काय रंग खातो होय!" बाई हसल्या.

"काम कसं करता, दाखवा."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं — आणि सवयीनं टोक जिभेला लावलं.



"आई," चैताली हळूच म्हणाली, "मीपण तस्संच करते."

बाईंच्या हातातून पेन गळालं. "मग माझे ते दोन...?"

"आता सांगता येणार नाही, बाई."

कारखान्यात मालक हात जोडून उभा. "चतुर्थी आठवड्यावर! देव काय आंधळे पाठवू?"

"पाठवा!" बाई म्हणाल्या. "रंग बदलेपर्यंत इथली एकही पोर कुंचला धरणार नाही. देवाला घाई नाही हो. पोटातल्याला आहे."

रंग बदलला. पाण्याची वाटी आली, फडकं आलं. चैतालीला मुलगी झाली. धडधाकट? मी खोटं गोड सांगणार नाही — डॉक्टर अजून तपासतायत. बाई रोज तिच्यापुढे बोट फिरवतात. नजर बोटामागे फिरली, की मगच श्वास सोडतात.

आणि आपण? फवारणीच्या औषधाचा डबा धुऊन त्यात पीठ भरणाऱ्या माउल्या इथं बसल्यात — माना खाली नकोत, मीही भरलंय! माया आपल्याकडे भरपूर आहे हो. आज घरी जाऊन तो डबा उलटा करा, त्यावरचं वाचा. वाचता येत नसेल तर नातीला विचारा. देवाचं नाव त्यानंतर घेऊ. तो थांबेल.