डावा गाल

आयोना : सांग त्या हिरोला, रॉडरिकला, डावा गाल माझा!

एमिल : त्याचाही डावा गाल त्याचाच आहे, बाईसाहेब. करारात लिहून घेतलंय त्यानं.

आयोना : माझ्या करारात चौदा वर्षांपासून आहे. कॅमेरा फक्त डावीकडून. कॅमेरामन तू आहेस ना? काढ काहीतरी तोड.

एमिल : मग दोघांनी एकाच दिशेला तोंड करून एकामागे एक उभं राहायचं. फुकट सूपच्या रांगेत उभे राहतात तसं.

आयोना : आणि चुंबन?

एमिल : मानेवर घेईल. पण सेन्सॉरवाल्यांच्या मते मान म्हणजे थेट नरक.

आयोना : मग बदला त्याला!

एमिल : मालक तुला बदलतायत. जेवणाच्या सुट्टीनंतर उजवा गाल दिलास तर ठीक. नाहीतर ती साबणाच्या जाहिरातीतली पोरगी मेकअपला बसलीसुद्धा.

आयोना : ती? तिला येतं काय?

एमिल : तिला दोन गाल आहेत.

आयोना : चालता हो.

एमिल : ॲगी, ऐक.

आयोना : ॲगी? माझं खरं नाव घेतलंस. कोण मेलं?

एमिल : कुणी नाही. तुझा उजवा गाल चांगला आहे.

आयोना : तूच म्हणाला होतास, उजवीकडून मी घोड्यासारखी दिसते!

एमिल : एकोणीसशे चोवीस. कॅमेऱ्यापुढची तुझी पहिली चाचणी. दोन दिवे होते, त्यातला एकच पेटत होता. डावीकडचा.

आयोना : मग तो हलवायचा!

एमिल : तार आखूड होती.

आयोना : आणि तो घोडा?

एमिल : नवीन नोकरी होती माझी. दिवा बंद आहे म्हणण्यापेक्षा पोरीचा गाल वाईट आहे म्हणणं सोपं गेलं. दिवा दुरुस्त होईपर्यंत तुझ्या डाव्या गालाची पोस्टकार्डं खपायला लागली होती.

आयोना : माझ्यासाठी सेटवरचे जिने उलटे बांधले, एमिल.

एमिल : माहितेय. सुतार अजून शिव्या घालतात.

आयोना : आईच्या दफनाला सगळे नातेवाईक एका बाजूला, आणि मी समोर एकटी. फोटोवाल्यांना डावा गाल मिळावा म्हणून. मावशी अजून बोलत नाही माझ्याशी.

एमिल : ॲगी...

आयोना : तार आखूड होती म्हणून!

(बाहेर जेवणाची सुट्टी संपल्याची शिट्टी होते.)

एमिल : काय सांगू त्यांना?

आयोना : आता किती दिवे चालतात तुझे?

एमिल : चाळीस.

आयोना : सगळे उजवीकडे लाव. आणि इकडे ये. चोवीस साली बोलला होतास तसं बोल.

एमिल : काय?

आयोना : हीच बाजू चांगली म्हणून.

एमिल : हीच बाजू चांगली आहे तुझी.

आयोना : तेव्हा जास्त खरं वाटलं होतं. पुन्हा बोल.