पानी आया रे

माझा अन् अझरचा गाण्यांचा अल्बम परदेशात कसा गाजला, हे लोकं आजबी विचारतात. मी म्हणतो, अझरच्या अम्मीला विचारा.

परतूरला अझरच्या घरीच रेकॉर्डिंग करून राह्यलो होतो. आवाज नको म्हणून खिडक्यांना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. अझर शेवटचं कडवं गाऊन राह्यला, अन् अंगणातून अम्मी वरडली, "पानी आया रे! मोटर लगाव!"

लई दिसांनी नळाला पाणी आल्तं. माइक चालू सोडून दोघंबी बादल्या घेऊन पळालो. मंग रेकॉर्डिंग ऐकलं, तर अम्मी बराबर तालात वरडल्ती. गाण्यात ठेवली तशीच.

मुंबईचा म्युझिक कंपनीवाला म्हणला, "हे ओरडणं काढा. बाहेर चालणार नाही. नाहीतर अल्बम विसरा."

मी म्हणलो, "मंग विसरलो. अम्मी निघणार न्हाई."

अल्बम आम्हीच नेटवर टाकला. पुढच्या साली लंडनला गायला गेल्तो. हॉल गच्च. शेवटचं कडवं आलं, अन् समदी गोरी पोरं एका दमात वरडली, "पानी आया रे! मोटर लगाव!" खरं सांगतो, स्टेजवर माझा हात बादली शोधाय लागला.

घरी आलो, तर त्याच कंपनीवाल्याचा फोन. "पुढचा अल्बम आमच्या स्टुडिओत करा. अम्मींनाही आणा, तेवढं ओरडून घेऊ."

अझरनं फोन माझ्या हातातून ओढला. "साहेब, पाणी आल्याबिगर अम्मी वरडत न्हाई. पाह्यजे असंल तर तुम्हीच परतूरला या. अन् येताना बादली आणा."