टर्बोच्या परतीच्या पाइपला बसवलेल्या ट्रॅपबाबत

मी, खाली सही करणारी, वय २६ वर्षे, व्यवसाय मोटार इंजिनांची दुरुस्ती, शिक्षण ऑटोमोबाइल पदविका, राहणार तक्रारदारांच्या लॉन्ड्रीसमोरचे घर, तळमजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझे काका आणि काकू यांच्याकडे राहते. काका प्लंबर आहेत. तक्रारीतली धूर सोडणारी गाडी माझ्या मालकीची आहे. ती जुनी घेतली असून तिला कंपनीतून टर्बो नव्हता. मी दुसऱ्या गाडीचा टर्बो घेऊन तो स्वतः बसवत होते. काम घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालू होते.

टर्बो म्हणजे काय असे हवालदारांनी विचारल्याने सांगते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरणारा तो एक पंखा आहे. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो. तो फार वेगाने फिरत असल्याने त्याला सतत ऑइल लागते. हे ऑइल त्याच्याकडे पंपाच्या दाबाने जाते. परत येताना मात्र केवळ उताराने, आपल्या वजनाने, खाली इंजिनाच्या तळाशी ऑइलच्या चेंबरमध्ये येते. म्हणून परतीचा पाइप जाड असावा लागतो आणि वरपासून खालपर्यंत उतरता असावा लागतो. त्यात कुठेही झोल चालत नाही.

घटनेच्या दिवशी सकाळी मी हा परतीचा पाइप जागेवर धरून पाहिला. उतार ठीक होता. आवळायला दोन क्लिपा कमी पडल्या, म्हणून मी त्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. जाताना काकांना, "कशाला हात लावू नका," असे सांगितले. काका म्हणाले, "मी कशाला लावतोय, मला काय हौस आहे?" त्या वेळी त्यांच्या हातात पाना होता.

दुकानात क्लिपांचे माप जुळत नसल्याने मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात काकांनी परतीचा पाइप मधोमध कापला आणि त्यात वळणाचे चार एल्बो जोडून ट्रॅप बसवला. ट्रॅप म्हणजे बेसिनखाली असतो तो वाकडा भाग. त्यात पाणी साठून राहते आणि गटाराचा वास घरात येत नाही. इंजिनातला गॅस या पाइपातून वर येत असणार, ही उघडी मोरी अशी कशी सोडायची, असे त्यांना वाटले. गॅस वर येतो हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यासाठी इंजिनाला वेगळी नळी असते. तिच्याबद्दल त्यांनी विचारले नाही.

टर्बोतून ऑइल फेसाळ होऊन उतरते. फेस ट्रॅपची चढण चढत नाही. तो मागे तुंबतो, टर्बोच्या सीलमधून सायलेन्सरमध्ये शिरतो आणि तिथे जळतो. घरातल्या मोरीला हा ट्रॅप बरोबर ठरला असता. इथे तो चुकीचा होता. सांधे एकही गळत नव्हते, हेही नमूद करावे. शेडच्या फरशीवर ऑइलचा थेंब नव्हता.

जोडणी झाली की पाणी सोडून बघायचे, अशी काकांची कामाची पद्धत आहे. त्याप्रमाणे त्यांनी गाडी चालू करून पाहिली.

मी परत येत असताना गल्लीत निळसर पांढरा धूर भरलेला होता. लॉन्ड्री दिसत नव्हती. तक्रारदार "आग! आग!" असे ओरडत असल्याने लॉन्ड्री कोणत्या बाजूला आहे हे समजले. मी शेडमध्ये जाऊन प्रथम गाडी बंद केली. त्याच वेळी तक्रारदारांनी खळीचे घमेले आणून गाडीच्या बॉनेटवर ओतले. खळ आता वाळली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रारदार आणि काका यांचे बोलणे दोन वर्षांपासून बंद आहे. कारण लॉन्ड्रीच्या सांडपाण्याचा पाइप. काकांनी तो न विचारता तपासला होता. बोलणे बंद असल्याने दोघे माझ्याशी बोलतात, पण दुसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. धूर निवळल्यावर तक्रारदार मला म्हणाले, "तुझ्या काकांना विचार, आमचा धंदा बसवायचा विडा उचललाय का?" काका मला म्हणाले, "त्याला सांग, धंदा बसायला आधी उभा असावा लागतो."

लॉन्ड्रीच्या अंगणात त्या वेळी वाहतूक शाखेचे आणि ठाण्यातल्या काही जणांचे पांढरे शर्ट वाळत होते. त्यांवर काळे डाग पडले आहेत. काकांनी जुन्या रागातून मुद्दाम धूर सोडला आणि वर ऑइलचे हात शर्टांना पुसले, अशी तक्रार आहे. सदर शर्टांपैकी एक शर्ट हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांचा आहे. हे जबाबात यावे असे मी सांगितले. हवालदारांनी ते लिहून घेतले.

ठाण्यात आल्यावर हवालदारांनी काकांना समजावले की मुद्दाम केले असेल तर गुन्हा दाखल होईल आणि त्यांना बसवून ठेवावे लागेल, अनवधानाने झाले असेल तर समज देऊन सोडता येईल. तक्रारदारही म्हणाले, "एकदा 'चुकलं' म्हणू दे त्यांना. चार माणसांसमोर. मी आत्ता तक्रार मागे घेतो."

त्यावर काका म्हणाले, "लिहा साहेब, मुद्दाम केलं. विचार करून केलं. पूर्वतयारी करून केलं."

हवालदारांनी विचारले, "पूर्वतयारी म्हणजे काय केलंत?"

"एल्बो घरातच होते."

"अहो, कशाला ओढवून घेताय? चुकलं म्हटलं की घरी जाल."

"तीस वर्षांत माझी एक जोडणी चुकली नाही. कोठडी दाखवा."

कोठडी दाखवण्यात आली. काकांनी आत न जाता दारातूनच वाकून पाहिले आणि आतल्या मोरीला ट्रॅप नसल्याचे सांगितले. वास येतो का, असे त्यांनी विचारले. वास येतो, असे हवालदार म्हणाले. त्यानंतर काही वेळ माझा जबाब थांबला होता.

मी काकूंना फोन करून परिस्थिती सांगितली. त्या म्हणाल्या, "जेवायला येणार की नाही तेवढं विचार. नाहीतर कणीक मळत नाही." काका म्हणाले, "गुन्हेगाराला कसलं जेवण?" मी काकूंना येणार असे कळवले.

हवालदारांनी मला शर्ट दाखवून हातांच्या ठशांबद्दल विचारले. काका बाकावरून म्हणाले, "ते तिला विचारायचं काम नाही. पोरी, गप्प बस." शेडमध्येही त्यांनी मला हे कोणाला सांगू नकोस असे बजावले होते. मी त्यांना तसे वचन दिलेले नाही. म्हणून सांगते.

जळलेल्या ऑइलच्या धुराने कपड्याला वास लागतो, बोटे उमटत नाहीत. हे ठसे काकांच्या हातांचेच आहेत. मी गाडी बंद करून शेडच्या दारात आले तेव्हा धूर थोडा विरळ झाला होता आणि काका गल्ली ओलांडून धावत लॉन्ड्रीच्या अंगणात शिरताना मला दिसले. त्यांना गुडघ्याचा त्रास असून ते एरवी धावत नाहीत. त्यांनी दोरीवरचे शर्ट काढून छपराखाली न्यायला सुरुवात केली. डाग शर्टांच्या खांद्यांवर आहेत, म्हणजे जिथे चिमटे लावलेले होते तिथे. एका शर्टाच्या कॉलरवर हनुवटीचा डाग आहे. हात भरले की माणूस गठ्ठा हनुवटीने दाबून धरतो. राग काढायला आलेला माणूस शर्टाला हनुवटी पुसत नाही.

शिवाय त्यांनी काढलेला प्रत्येक चिमटा चिमट्यांच्या डब्यात टाकला. डबा दोरीला टांगलेला आहे, तो हवालदारांनी पाहावा. मुद्दाम नुकसान करणारा चिमटे जागेवर ठेवत नाही.

तक्रारदार त्या वेळी खळीचे घमेले घेऊन आमच्या शेडमध्ये होते, त्यामुळे त्यांनी हे पाहिले नाही. ते परत आले तेव्हा काकांच्या हातात शेवटचे काही शर्ट होते. काकांनी खुलासा केला नाही. "हो, पुसले हात, काय करशील?" असे ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

माझे सांगून झाल्यावर तक्रारदार काही वेळ शर्टाची कॉलर पाहत होते. मग मला म्हणाले, "गठ्ठा ठेवला कुठे होता, ते विचार त्यांना."

काका मला म्हणाले, "सांग त्याला, इस्त्रीच्या टेबलावर. चादर अंथरून ठेवला."

"चादर कुठली?"

"तुझीच. नाहीतर काय मी घरून आणणार?"

हे शेवटचे वाक्य काका माझ्याकडे न पाहता बोलले. तक्रारदारांनी हवालदारांना, "तक्रारीतलं 'मुद्दाम' काढा," असे सांगितले. शर्टांची धुलाई पुन्हा करावी लागेल, त्यासाठी काका पाणी भरून देतील का, असे त्यांनी विचारले. कोणाला विचारले ते स्पष्ट झाले नाही. काका हो म्हणाले.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो वाचताना काकांनी दोन शब्दांना हरकत घेतली. 'चुकीचा' याऐवजी 'वेगळ्या पद्धतीचा' आणि 'धावत' याऐवजी 'चालत' असे लिहावे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी दोन्ही शब्द बदलू दिलेले नाहीत. बाकी मजकुराबद्दल कोणाचीही हरकत नाही. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले असून ते बरोबर आहे.

सही