धुतलेला कोळसा

दोन हजार तेवीस साल, भर वैशाख. अल्लीपुरात माझ्या शेजारच्या गोविंदाच्या विहिरीला फवारणीच्या औषधाचा वास येऊ लागला. घरात प्यायला तेवढंच पाणी. कॉलेजातल्या एका मॅडमनं त्याला ड्रममध्ये कोळसा भरून दिला. म्हणाल्या, "याला बारीक छिद्रं असतात, विष त्यात अडकतं." वास खरंच गेला. पुढं पुन्हा आला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, कोळशाची छिद्रं विषानं भरली, आता नवा टाका.

मी गेलो तर गोविंदा विहिरीच्या काठावर तोच कोळसा धूत बसलेला.

"काऊन रे, काय करून राह्यला?"

"चांगला कोळसा फेकाचा कायले दादा? धुतो अन् परत भरतो."

"अन् धुतलेलं पाणी कुठी गेलं?"

त्यानं वाकून पाहिलं. काळे ओघळ विहिरीत उतरत होते.

"उपसून टाकतो मंग."

"अन् वावरातून औषध झिरपते ते? वावरही उपसतो काय?"

माझ्या विहिरीला वास नव्हता. मागं एकदा ती आटली, त्या साली आम्ही त्याच्याकडं पाणी भरलं होतं. आता कोळसा धुतला त्या दिवसापासून त्याची बायको माझ्या विहिरीवर पाणी भरते. फेड झाली.