कानामागची चाचणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञ आणि पाहुणे मंडळी, आज ज्यांना निरोप देताना आपला कुणाचाच जीव थाऱ्यावर नाही त्या आमच्या डॉक्टर मॅडम, त्यांचे यजमान, माझे सहकारी, आणि समोर बसलेले, आमच्या हाती विश्वासाने आपला चेहरा सोपवणारे तुम्ही सगळे, मी आपणा सर्वांना मनापासून नमस्कार करते.

आधीच्या वक्त्यांनी मॅडमांच्या पदव्या सांगितल्या, त्यांचे शोधनिबंध सांगितले. मी त्यात काय भर घालणार? मी या क्लिनिकमध्ये आले ती रिसेप्शनवर फोन उचलायला. आज लेझरचा उपचारकक्ष सांभाळते. या दोहोंच्या मध्ये जे घडलं तेवढंच सांगायला उभी आहे. त्यात आपले अध्यक्ष, म्हणजे क्लिनिकचे मालक, आमचे साहेब, जरा अडचणीत येणार आहेत. म्हणून मी काल त्यांना विचारलं, "साहेब, सांगू का?" ते म्हणाले, "सांग. पण मी तेव्हा बारीक होतो, हेही सांग." तर मंडळी, साहेब तेव्हा बारीक होते.

आणि मला दाढी होती.

हसू नका. म्हणजे हसा, आता चालेल. हनुवटीवर राठ, काळे केस यायचे. आई उठायच्या आत न्हाणीघराची कडी लावून मी ते काढायचे, आणि दुपार होईतो हाताला पुन्हा खुंट लागायचे. गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळून मी काउंटरमागे बसायचे. कडक उन्हाळ्यातसुद्धा. एकदा एका छोट्या मुलीने विचारलं, "आई, या ताईंना बाबांसारखी दाढी का आहे?" तिची आई गोरीमोरी झाली. वेटिंग रूममध्ये कुणी हसलं नाही. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

अशात क्लिनिकमध्ये केस काढायचं नवं लेझर यंत्र आलं. त्याबरोबर कंपनीचा माणूसही आला. आम्ही त्याचं नाव पोपट ठेवलं होतं, कारण काहीही विचारलं तरी तो एकच वाक्य बोलायचा: "यंत्र सगळ्या त्वचांना चालतं." साहेबांनी उद्घाटन ठेवलं, पाहुणे बोलावले, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. प्रात्यक्षिकासाठी कुणी तयार आहे का, असं साहेबांनी विचारलं आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी म्हणाले, "मी."

सगळ्यांच्या देखत मी स्कार्फ सोडला. ते सोपं होतं का? पण एकदाची सुटका होणार होती ना! मी कोचावर आडवी झाले. डोळ्यांवर काळा चष्मा चढला, हनुवटीवर गार जेल लागलं. दिसत काहीच नव्हतं, नुसतं यंत्राचं घुंऽऽ ऐकू येत होतं. पोपट म्हणाला, "चिमटा बसल्यासारखं वाटेल, बस."

तेवढ्यात दारातून मॅडमांचा आवाज आला. "थांबा. हिची चाचणी कधी घेतली?"

"गरज नाही मॅडम. यंत्र सगळ्या—"

"हिची त्वचा सावळी आहे. केसाच्या मुळाशी जायची उष्णता वरच्या रंगातच अडकेल आणि ही पोळेल. आधी कानामागे थोडं करून बघा. मग उद्यापर्यंत वाट बघा."

"एक दिवस?" साहेबांचा आवाज चढला. "पाहुणे बसलेत, डॉक्टर!"

"त्यांना चहा द्या."

मी चष्म्याआडून ओरडले, "मॅडम, मला करून घ्यायचंय. चेहरा माझा आहे!"

त्या जवळ आल्या. माझ्या हनुवटीवरचं जेल त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं आणि म्हणाल्या, "तुझाच आहे. बदलून मिळणार नाही."

मला त्यांचा इतका राग आला होता! ज्यांची हनुवटी गुळगुळीत आहे त्यांना काय जातंय थांबा म्हणायला? शेवटी पोपटाने माझ्या डाव्या कानामागे यंत्र टेकवलं. चटका बसला. पाहुणे चहा पिऊन, एकमेकांकडे बघत निघून गेले. कानामागे थोडी लाली होती, बाकी काही नाही. साहेब मला मॅडमांकडे वळवून म्हणाले, "बघा डॉक्टर! काय झालं हिला?"

"साहेब, उद्या सांगता येईल."

"उद्या तुम्ही आला नाहीत तरी चालेल," साहेब म्हणाले.

मॅडमांनी आपला एप्रन काढला, नीट घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या. साहेबांनी मला सांगितलं, "लेझरसाठी नाव दिलेल्या त्या नृत्यशिक्षिकेला सकाळी सगळ्यात आधी बोलाव. आधी त्या, मग तू." मीच फोन केला. आनंदाने केला.

नृत्यशिक्षिका माझ्याहून सावळ्या होत्या. स्टेजवर उभं राहायचं काम. त्यांनाही माझ्यासारखाच त्रास होता.

सकाळी मी वेणी घालत होते. आई चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून म्हणाली, "अगं, कानामागे काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. जरा हुळहुळतंय."

"हुळहुळतंय काय? टम्म फोड आलाय! भाजलंय का कुठे?"

तिने मागे आरसा धरला. मंडळी, जिथे जिथे पोपटाने यंत्र टेकवलं होतं तिथे तिथे पाणी भरलेले फोड होते. भोवतीची कातडी राखेसारखी करडी पडली होती. मी हनुवटीला हात लावला. तिथे हे झालं असतं तर? मग एकदम आठवलं, त्या बाई आत्ता कोचावर असतील.

साहेबांना फोन लावला. उचलला नाही. क्लिनिकचा फोन कोण उचलणार? तो उचलणारी तर मीच! स्कार्फ घरीच राहिला. मी तशीच अर्धी वेणी घेऊन धावत सुटले. रिक्षा सिग्नलला अडकली तर उतरून पळाले. जिना चढले तेव्हा छातीचा भाता झाला होता.

लेझरच्या खोलीचं दार बंद होतं. वर लाल दिवा लागलेला. लाल दिवा असताना दार उघडायचं नाही, चष्म्याशिवाय आत गेलं तर डोळा जातो, हे मॅडमांनीच आम्हाला बजावून ठेवलं होतं. मी दार बडवलं. "थांबा! थांबा!"

आतून साहेब ओरडले, "काम चालू आहे!"

"साहेब, फोड आलेत!"

"नंतर बोल!"

आतलं घुंऽऽ वाढलं. आता काय करायचं? तेव्हा मला सुचलं की या क्लिनिकचे दिवे रोज सकाळी कोण लावतं? मीच. मी काउंटरमागे धावले, बोर्डाचं झाकण उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळं क्लिनिक अंधारलं. लाल दिवा विझला. यंत्र गप्प झालं. दार धाडकन उघडलं आणि साहेब बाहेर आले. अध्यक्ष महोदय, क्षमा करा, पण तेव्हा तुम्ही मला जे म्हणालात ते मी व्यासपीठावर सांगू शकत नाही.

मी सरळ आत गेले, खिडकीचा पडदा बाजूला सारला, उजेडात उभी राहिले आणि कान पुढे दुमडून धरला.

नृत्यशिक्षिका कोचावर उठून बसल्या. हनुवटीवर जेल, कपाळावर सरकवलेला चष्मा. त्यांनी पुढे वाकून फोड पाहिले. मग हळूच विचारलं, "हे माझ्या तोंडावर होणार होतं?"

पोपटाला त्याचं वाक्य आठवेना.

साहेबांनी जवळ येऊन माझा कान पाहिला. मग ते बाहेर गेले आणि मला त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "डॉक्टर, तुम्ही येता का? नाही, नाही, माझ्यासाठी नका येऊ. पोरगी भाजलीय."

मॅडम आल्या. आता साहेबांना चांगलं सुनावतील, अशी आम्ही वाट बघत होतो. त्यांनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले, माझ्याजवळ बसल्या, फोड न फोडता मलम लावलं, पट्टी बांधली. म्हणाल्या, "दुखतंय?" आणि मी लहान पोरीसारखी भोकाड पसरलं. दुखत नव्हतं फारसं. मग त्या नृत्यशिक्षिकेजवळ गेल्या, त्यांची हनुवटी पुसली आणि त्यांचीही समजूत काढली.

साहेब दारात उभे होते. म्हणाले, "डॉक्टर, यंत्र परत पाठवतो. तुम्ही राहाल ना?"

"राहीन. पण लेझरच्या खोलीत मला ही मुलगी हवी," मॅडम म्हणाल्या. "हिला शिकवते."

"हिला? हिने आत्ता माझं क्लिनिक बंद पाडलं!"

"म्हणूनच."

पुढे सावळ्या त्वचेला सोसेल असं दुसरं यंत्र आलं. त्यालाही मॅडमांनी आधी महिनोन् महिने चाचण्यांवर ठेवलं. मग हळूहळू, एकामागून एक सिटिंग करत, माझी हनुवटी मोकळी झाली. नृत्यशिक्षिकांचीही झाली. त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. माझ्या कानामागे पांढरा डाग राहिला, तो जाणार नाही. मॅडमांनी मला तेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

आता शेवटची गोष्ट, ती आज सकाळचीच. एक बाई आल्या. परवा फोटो काढायचेत, आजच्या आज वरची कातडी सोलून तोंडावरचे वांग घालवणारं कडक पील करून हवं, म्हणून हटून बसल्या. त्वचा आधीच कसल्याशा क्रीमने सोलवटलेली. मी नको म्हटलं. त्या संतापल्या. "मला मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय!"

मॅडम त्यांच्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होत्या. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं, चेहरा उजेडात धरून पाहिला, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यांनी नाही म्हटलंय ना? मग नाही."

बाई दार आपटून गेल्या. मॅडम पुन्हा पुस्तकं भरायला लागल्या. मी मात्र दार धरून तशीच उभी राहिले, कारण मला त्या क्षणी कळलं की मॅडम गेल्या. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण त्यांनी मला खोली तेव्हाच सोपवली होती.

मॅडम, तुम्ही सोपवलेलं मला सांभाळता येईल की नाही, माहीत नाही. भीती वाटते. ती वाटत राहू दे, एवढा आशीर्वाद द्या.

अध्यक्ष महोदयांनी स्वतःची फजिती हसत ऐकून घेतली, त्याबद्दल त्यांचे, आणि इतका वेळ माझी बडबड सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानते. मला भाषणाची सवय नाही. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द उणा-अधिक गेला असेल, तर तो पदरात घ्यावा. नमस्कार.